राखाडी पोर्ट्रेटवर रंग चढवला की चेहरा आजारी का दिसतो?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. सोलापुरात नवी पेठेतल्या एका फ्रेमवाल्या मालकांकडून मला कामं येतात. लोक घरातल्या गेलेल्या माणसाचा जुना कृष्णधवल फोटो आणतात आणि "रंगीत करून मोठा करा" म्हणतात. फोटो डागाळलेला, कोपरे वाळवीनं खाल्लेले, चेहरा अंगठ्याएवढा. तो साफ करत बसण्यापेक्षा मी नव्यानंच रंगवतो. क्रिटामध्ये (संगणकावर चित्र काढायचं सॉफ्टवेअर) आधी अख्खा चेहरा राखाडीत, मग वर रंगाचे लेयर, म्हणजे एकावर एक थर.

राखाडीपर्यंत काम झकास जातं. घरचे लोक बघून "हेच की आमचे अण्णा" म्हणतात. बिघडतं ते रंग चढल्यावर. वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा त्याचे मोड असतात, ते एकेक करून बघितले. कलर मोडवर त्वचेचा रंग फिरवला की सेपिया, म्हणजे जुना एकरंगी तपकिरी फोटो होतो. मल्टिप्लायवर सगळंच काळवंडतं. ओव्हरलेवर गाल भगवे होतात आणि डोळ्यांखालची जागा राखाडीच राहते. परवा एक गिऱ्हाईक बघून म्हणाले, "आमचे अण्णा शेवटी शेवटी पण एवढे आजारी नव्हते हो."

त्वचेसाठी नेमका कोणता रंग घ्यायचा? की मोडच दुसरा हवा? पुढचं काम एका आजीबाईंचं आहे. इरकली लुगडं, नथ, मोठं कुंकू. त्याआधी हे सुटलं तर बरं.

बे_एके_बे
का बे, एवढ्या उन्हात पण तुझी माणसं पांढरीफटक? पार्क चौकात तासभर उभं कर, आपोआप रंग येतो.

पाटीपेन्सिल
चाळीस-बेचाळीस अंशांत पार्क चौकात उभं राहिलेल्या माणसाचा चेहरा खरंच नीट बघा. विनोदात उत्तर आहे. पण आधी सांगा: राखाडी रंगवताना सर्वांत गडद जागा किती गडद ठेवता? पूर्ण काळ्यापर्यंत जाता का? आणि कपाळावरची, नाकावरची चमक पूर्ण पांढरी असते का?

जुळेसोलापूरकर
हो सर. नाकपुड्या, केस, मिशी पूर्ण काळी. चमक पूर्ण पांढरी. त्याशिवाय उठाव येत नाही.

पाटीपेन्सिल
मग निम्मं उत्तर तिथंच आहे. जरा लांबण लागेल, जेवून बसा.

तुम्ही विचारता कोणता रंग, कोणता मोड. दोन्हींच्या आधी हे समजून घ्या की प्रत्येक मोड आतमध्ये एक गणित करतो, आणि एकच रंग अख्ख्या चेहऱ्यावर फिरवला तर कुठलंही गणित तुम्हाला वाचवत नाही.

मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार. खालची राखाडी गुणिले वरचा रंग. पांढऱ्या जागी तुमचा रंग जसाच्या तसा येतो, त्याहून उजळ काहीच उरत नाही, म्हणून नाकावरची चमक मेली. बाकी ठिकाणी तोच रंग फक्त गडद होत जातो. तांबूसपणा, पिवळेपणा, सगळं त्याच प्रमाणात.

ओव्हरलेमध्ये मधल्या राखाडीच्या खाली गुणाकार होऊन रंग गडद होतो आणि वर त्याच्या उलट, रंग उजळतो. बरोबर मधल्या राखाडीवर तुमचा रंग जसाच्या तसा बसतो, म्हणून गाल भगवे. पूर्ण काळ्यावर आणि पूर्ण पांढऱ्यावर मात्र ओव्हरलेचा काडीचाही परिणाम होत नाही. त्यांच्या जवळपासही नाममात्र. डोळ्यांखाली तुम्ही काळ्याच्या फार जवळ गेला आहात, म्हणून तिथं रंग धरत नाही.

कलर मोड खालचा उजेड-अंधार कायम ठेवतो आणि फक्त छटा बदलतो. ऐकायला हेच हवंसं वाटतं. पण प्रत्येक रंगाला स्वतःचा उजळपणा असतो. सॉफ्टवेअरं जे माप वापरतात त्यात पांढरा १०० धरला तर शुद्ध पिवळा साधारण ८९ येतो, हिरवा ५९, लाल ३० आणि निळा जेमतेम ११. गडद राखाडीवर पिवळा टाकला तर तो पिवळा राहूच शकत नाही, शेवाळी होतो. उजळ राखाडीवर लाल टाकला तर गुलाबी होतो. मोड बिचारा खालचा उजेड सांभाळायला रंगाचा बळी देतो. कुंकवाची जागा जर राखाडीत फिकट ठेवली असेल तर त्यावर कितीही लाल ओता, कुंकू येणार नाही, पेपरमिंटचा गुलाबी येईल. ती जागा राखाडीतच गडद हवी होती.

म्हणून पहिलं काम असं की राखाडी रंगवताना शून्य ते शंभरपैकी साधारण पंधरा ते पंच्याऐंशीच्या आत राहा. दोन्ही टोकं शेवटी, रंग चढल्यावर, हातानं ठेवायची. काळा तर बहुतेक लागतच नाही.

दुसरं सावकाश लिहितो. आता वीज जायची वेळ झाली.

थेटरंग
सरांचं गणित बरोबर, पण मुळात राखाडीच्या वाटेनं जायचंच कशाला? आधी सगळं राखाडीत सोडवायचं, मग रंगाचा वेगळा प्रश्न नव्यानं सोडवायचा. सावलीचा रंग उजेडाच्या रंगावर अवलंबून असतो, दोन्ही एकदमच ठरतात. पहिल्या फटकाऱ्यापासून रंगात काम करा. सहा महिने चित्रं घाण येतील, मग सुटेल. राखाडीची कुबडी एकदा लागली की सुटत नाही, असे किती तरी बघितलेत.

पाटीपेन्सिल
कुबडी म्हणा हवं तर, पण जुनी आहे. एकरंगी चित्र पुरं करून त्यावर पारदर्शक रंगाचे पातळ थर चढवणं युरोपातल्या तैलचित्रकारांनी शतकानुशतकं केलं. यान व्हान आइकच्या गेंटच्या वेदीचित्राच्या (१४३२) बाहेरच्या दारांवर राखाडीत रंगवलेले संत उभे आहेत, दगडी मूर्ती वाटाव्यात असे. फ्रेंच चित्रकार अँग्रनं आपल्या ओडालिस्क या स्त्रीचित्राची एक अख्खी राखाडी आवृत्ती केली, ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

पण इटलीतल्या जुन्या चित्रकारांची रीत तुमच्या कामाची. चेहऱ्याखाली ते निव्वळ राखाडी लावत नसत, हिरवट मातकट थर लावत. त्यावर तांबूस त्वचा चढली की जिथं वरचा थर पातळ असेल तिथं खालचा हिरवा डोकावतो आणि तांबूस रंग आणखी जिवंत वाटतो. काळा-पांढरा मिसळून केलेली राखाडी असं काही देत नाही. ती फक्त मळवते.

थेटरंग यांचं म्हणणं शिकणाऱ्यासाठी मला मान्य आहे. पण इथं माणूस जुन्या फोटोवरून काम करतोय. त्याच्याकडे रंगाची माहितीच नाही, फक्त उजेड-अंधाराची आहे. राखाडीतून सुरुवात करणं त्याला भाग आहे.

अशोकचौकातली
सर, तुमचा हिरवट थर वाचून हसू आलं, कारण हे आमच्या घरात रोजचं होतं. सासरे मागावर होते. उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे घेतले की कापडाला तिसराच रंग येतो, तोही घडी मोडेल तसा हलतो. एकाच रंगाचे दोन्ही धागे घेतले तर कापड चांगलं होतं पण असं हलत नाही. चेहऱ्याचं तेच असणार. खाली एक, वर दुसरा.

जुळेसोलापूरकर, आजींच्या लुगड्याचा फोटो टाका की. नुसता पदर दिसला तरी चालेल.

बे_एके_बे
एवढं समजावलं तर आता मला पण रंगवता येईल असं वाटायलंय. (नाही येणार.)

जुळेसोलापूरकर
सर, टोकं कापून बघितली. डोळ्यांखाली रंग धरायला लागला. सेपियाचं मात्र तसंच आहे. फोटो जोडलाय, फक्त खांदा आणि पदर. चेहरा घरच्यांच्या परवानगीशिवाय टाकत नाही. काठ आणि पदर जवळजवळ काळे आहेत, अंग मधल्या राखाडीचं. पदर काळाच भरू ना?

अशोकचौकातली
मुळीच नको! पदरावर देवळाच्या शिखरासारखे पांढरे दात दिसतायत ना, तो टोप पदर. इरकलीचा टोप पदर परंपरेनं लाल असतो आणि नक्षी पांढरी. अंग हिरवं, निळं, डाळिंबी, काहीही असू शकतं, चंद्रकळा असेल तर काळंसुद्धा. अंगाचा रंग घरच्यांना विचारा. पदर लाल धरून चाला. आणि चोळी खणाची दिसते, तिचा रंग लुगड्याशी जुळणाराच असेल असं समजू नका. आमच्या आजीच्या चोळ्या कशालाच जुळायच्या नाहीत.

फिल्मरोल
लाल पदर काळा का आला ते सांगतो, वडिलांचा स्टुडिओ होता. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट किंवा फिल्म लाल रंगाला आंधळी असायची. निळा आणि हिरवा तिला दिसायचा, लाल दिसायचाच नाही. त्यामुळे लाल वस्तू काळी येते आणि निळी वस्तू डोळ्याला दिसते त्याहून फिकट. सगळे रंग पकडणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक प्लेटा १९०६ पासून विकत मिळत होत्या, तरी ऑर्थो पुढं कित्येक वर्षं चालली. कारण सोयीचं. ती लाल दिव्याच्या उजेडात बघत बघत धुता यायची, पॅनला मिट्ट काळोख लागायचा.

आता याचा तुमच्या चेहऱ्याशी संबंध. आपल्या त्वचेत लालसरपणा भरपूर. ऑर्थोवर तो सगळा गडद झालेला असतो. ओठ काळपट, गालांवर डाग, कुंकू शाईसारखं. म्हणजे फोटोतली राखाडी ही खरी सावली नसून काही ठिकाणी फक्त लाल रंग आहे! ती तशीच उतरवून वर रंग टाकला की तो रंग दोनदा गडद होतो. तुमचे अण्णा आजारी दिसण्यात याचाही हात असेल.

आणखी एक. स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीनं हात फिरवून सुरकुत्या बुजवायचे. नंतर प्रिंटवर पारदर्शक टिंट कापसाच्या बोळ्यानं लावायचे, गालाला गुलाबी, ओठाला जरा जास्त. त्यामुळे जुन्या फोटोतली गुळगुळीत कातडी बघून फसू नका. तिथं सुरकुती होती.

थेटरंग
हे माहीत नव्हतं. म्हणजे फोटोतल्या व्हॅल्यूवर, उजेड-अंधारावरही भरवसा नाही. माझाच मुद्दा बळकट झाला, राखाडी आधार म्हणून घेताय तो आधारच वाकडा आहे.

फिल्मरोल
वाकडा कसा ते माहीत असलं की सरळ करता येतो की. ओठ, गाल, कुंकू जरा उजळ करून घ्या, बस.

पाटीपेन्सिल
फिल्मरोल यांचा प्रतिसाद वाचनखुणेत गेला. आता माझं राहिलेलं दुसरं.

सेपिया होतो कारण तुमच्या चेहऱ्यावर छटा एकच आहे. माणसाची त्वचा, गोरी असो वा काळी, रंगचक्रावर नारिंगीच्याच पट्ट्यात बसते, साधारण १५ ते ३५ अंशांत. पण एका चेहऱ्यात ती सतत सरकत असते. कपाळावर हाड वर, रक्त कमी, म्हणून पिवळसर. गाल, नाक, कान यांत रक्तवाहिन्या जास्त, म्हणून तांबूस. पुरुषांच्या जबड्यावर दाढीचे खुंट त्वचेखालून दिसतात, तिथं निळसर-हिरवट झाक. हे तीन पट्टे सॉफ्ट लाईट मोडवर अगदी थोड्या ओपॅसिटीनं, म्हणजे खालचं दिसेल इतके पातळ फिरवा, अर्धा आजार तिथंच उतरेल.

त्याआधी कलर मोडच्या जागी ग्रेडियंट मॅप वापरा. क्रिटात फिल्टरमध्ये आहे, फिल्टर लेयर म्हणूनही लावता येतो. तो प्रत्येक राखाडीला वेगळा रंग देतो. सावलीच्या टोकाला तपकिरी-जांभळट, खूप गडद. सावली आणि उजेड जिथं भेटतात त्या मधल्या जागेला सर्वांत भरदार तांबूस. उजेडाला गव्हाळ. अगदी वरच्या टोकाला रंग जवळजवळ काढून घ्या. मधल्या जागेला भरदार तांबूस का? उजेड त्वचेत शिरून थोडा पसरून बाहेर येतो, आणि लाल उजेड निळ्यापेक्षा जास्त लांब पसरतो. त्यामुळे सावलीच्या कडेला तांबडी किनार दिसते. कानामागून ऊन आलं की कान लाल पेटतो ते याच कारणानं.

आता सावळ्या चेहऱ्याबद्दल, कारण परदेशी व्हिडिओंत हे धड सांगत नाहीत. तिथले सगळे पॅलेट गुलाबी कातडीचे. सावळी त्वचा म्हणजे गोऱ्या त्वचेत काळा मिसळणं नव्हे. काळा मिसळला की मळ दिसतो. गडद करताना छटा लालकडे सरकवा आणि रंगाचा भर टिकवा. चमक मात्र त्वचेच्या रंगाची नसतेच. ती उजेडाच्या रंगाची असते. आपल्याकडे उघड्यावर बसलेल्या माणसाच्या कपाळावर आकाशाची निळसर चमक येते आणि सावळ्या कपाळावर ती गोऱ्यापेक्षा ठळक दिसते. ती पांढऱ्यानं केली की तेलकट वाटते, फिक्या निळसर राखाडीनं केली की जिवंत. हनुवटीखाली पांढऱ्या सदऱ्याचा उजेड उलटून येतो, तो विसरू नका. सदराही पांढरा नसतो, सावलीत निळसर असतो. डोळ्यांचं बुबुळाभोवतीचं पांढरंही पांढरं नाही. तिथं पांढरा भरला की माणूस घाबरल्यासारखा दिसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे सगळं झाल्यावर वर एक नॉर्मल लेयर घ्या, मोडबिड काही नाही, आणि रंग उचलून हातानं रंगवा. लेयर मोडनं साठ-सत्तर टक्के काम होतं. उरलेलं ब्रशनंच.

थेटरंग
शेवटी नॉर्मल लेयरवर हातानंच रंगवायचं. मी गप्प बसतो.

बे_एके_बे
गप्प बसलेला माणूस असं लिहीत नसतो बे.

अशोकचौकातली
सर, रंग भरता भरता मूळ उजेड-अंधार बिघडला का हे कसं तपासायचं? माझी मुलगी टॅबवर काढते, तिचं चित्र रंगीत झाल्यावर चपटं होतं.

पाटीपेन्सिल
सर्वांत वर एक लेयर, निव्वळ राखाडीनं भरलेला, कलर मोडवर. तो चालू केला की अख्खं चित्र राखाडीत दिसतं, बंद केला की रंगीत. दर थोड्या वेळानं चालू-बंद करायला सांगा. आणि चित्र आरशात दिसतं तसं आडवं उलटवून बघायला सांगा.

लष्करवाला
उशिरा आलो. ते आपोआप रंग भरणारे एआय टूल आहेत ना, फोटो टाकला की दोन सेकंदांत रंगीत. मग एवढा खटाटोप?

फिल्मरोल
वापरून बघितलंय. ते टूल हजारो फोटो बघून सरासरी अंदाज लावतं. लाल पदर काळा आला असेल तर ते काळा किंवा तपकिरीच ठेवणार. टोप पदर त्याला कोण सांगणार? त्वचा पण सगळ्यांची एकाच पीचसर रंगाची करतं. सावळे आजोबा गोरे होऊन आले आणि घरच्यांना आवडले, असंही झालंय. त्यावर काय बोलावं.

लष्करवाला
आवडले तर गिऱ्हाईक खूश, विषय संपला?

अशोकचौकातली
माझ्या सासूबाई काळ्या होत्या. त्यांचा फोटो गोरा करून भिंतीवर लावला तर त्यांची नातवंडं त्यांना ओळखायची कशी? मला नाही पटत.

जुळेसोलापूरकर
ताई, अगदी. पण फ्रेमवाले मालक स्वतःच सांगतात, "जरा उजळ घ्या." वाद घालायला जमत नाही. मी मधला मार्ग काढतो. त्वचेचा रंग तोच ठेवतो, वरून पडणारा उजेड वाढवतो.

पाटीपेन्सिल
उत्तम. तेच करा. उजेड वाढवणं हा चित्रकाराचा हक्क आहे.

हुतात्माचौक
थोडा वेगळा प्रश्न, पण इथंच विचारतो. १२ जानेवारीसाठी आमच्या मंडळाला सोलापूरच्या चारही हुतात्म्यांची रंगीत पोर्ट्रेट हवी आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. मिळाले ते फोटो म्हणजे छापील पुस्तकातल्या छायाप्रती, ठिपके ठिपके. कपड्यांचे रंग ठाऊक नाहीत. काय भरायचं?

पाटीपेन्सिल
माझं मत कडक आहे, पटलं तर घ्या. घरातल्या आजीचा रंग घरच्यांना विचारता येतो. येरवड्याच्या तुरुंगात १९३१ साली फाशी गेलेल्या माणसाच्या कपड्याचा रंग तुम्ही कोणाला विचारणार? उद्या तुमचं पोर्ट्रेट कोणीतरी शाळेच्या पुस्तकात टाकेल आणि तुमचा अंदाज पुरावा होऊन बसेल. तेव्हा रंग कमीत कमी ठेवा. त्वचेला उब द्या, बाकी सगळं उबदार राखाडीत. चित्र अपुरं दिसत नाही, उलट चेहऱ्यावर नजर ठरते. चीनमध्ये सेवा केलेल्या आपल्या डॉ. कोटणीसांच्या फोटोंनाही मी हेच सांगतो. लोक हौसेनं गणवेशाला वाट्टेल तो हिरवा भरतात.

छापील ठिपके असतील तर आधी चित्र लहान करून ठिपके मिसळू द्या, मग त्यावरून नव्यानं राखाडी रंगवा. ठिपक्यांवर थेट रंग चढवू नका.

थेटरंग
इथं मात्र सरांशी शंभर टक्के सहमत.

बे_एके_बे
नोंद घ्यावी मंडळी.

जुळेसोलापूरकर
आजींच्या घरी फोन झाला. अंग मोरपंखी होतं म्हणतात, पदर लालच. मोठ्या सूनबाईंनी सांगितलं की लुगडं अजून पेटीत आहे, फोटो काढून पाठवतायत.

ग्रेडियंट मॅप लावून बघितला. सेपिया गेला. सावली मात्र आता जरा जास्तच वांगी रंगाची वाटते. आणि एक भीती आहे, स्क्रीनवर जे दिसतं ते कॅनव्हासवर छापून आल्यावर सावल्या एकदम काळ्या होतात.

फिल्मरोल
स्क्रीनचा उजेड जास्त ठेवला असेल तर प्रिंट नेहमीच गडद वाटणार. आधी तो अर्ध्यावर आणा. मग सावलीचा वांगी रंग पण कळेल खरा किती आहे. सावल्या थोड्या उघड्या ठेवा, छपाईची शाई त्या स्वतःच मिटवते. पूर्ण मापाचं छापायच्या आधी फक्त डोळे-नाक-ओठ एवढा तुकडा त्याच कॅनव्हासवर छापून मागा. पदराचा लाल पण शेजारी घ्या. स्क्रीनवरचे भडक लाल शाईत तसे येत नाहीत, पेटीतल्या लुगड्याशी ताडून बघायचं असेल तर प्रिंटच ताडा.

अशोकचौकातली
आणि ताडायला लुगडं उन्हात नेऊ नका हो, जुना रेशीमकाठ विटेल. खिडकीपाशी सावलीत बघा.

जुळेसोलापूरकर
बरं ताई. तुकडा शनिवारी छापून मिळेल. दोन्ही करून टाकतो इथं, सरांच्या पद्धतीनं एक आणि थेट रंगात एक. थेटरंग, तुमचा ब्रश कोणता ते तेवढं सांगा.

थेटरंग
क्रिटातला साधा गोल ब्रश, ओपॅसिटी पेनच्या दाबावर. आणि राखाडीचा लेयर डिलीट करून सुरुवात करा, लपवून नाही.